यंत्राच्या आधी कागद

डोळे उघडाल तेव्हा प्रवरा तुमच्या उजव्या हाताला असेल. साल इसवी सनापूर्वी १२००, थोडं मागेपुढे. गाव दायमाबाद, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातलं. इथली माणसं आपल्या वस्तीला काय म्हणतात ते विचारून घ्या, पुढे कुणालाच ते कळायचं नाही. या गावात आता कुणी काही लिहीत नाही.

समोर कुंभार चाकावर बसलाय. चाक वेगाचं आहे, त्यामुळे भांड्याची भिंत त्याच्या बोटांखाली पातळ होत वर चढते. हे तोटीचं भांडं भट्टीतून तांबडं होऊन निघेल, अंगावर काळ्या रेघांची नक्षी असेल, आणि टिचकी मारलीत तर धातूसारखं वाजेल. पलीकडे जवाची कापणी चाललीय. एक बाई तुमच्या हातात विळा देते. वाकडा लाकडी दांडा, त्याच्या खाचेत ओळीने बसवलेली गारगोटीची बारीक पाती. चार मुठी कापता आणि एक पातं निखळून पडतं. ती हसते, दुसरं काढून बसवून देते. दगडाच्या पात्याची मोठी सोय ही, की त्याला कुणाचे उपकार लागत नाहीत. गारगोटी नदीच्या पात्रात हवी तेवढी पडलेली आहे.

तांबंही आहे गावात, पण ते मोजक्या घरांत. इथल्या काळ्या कातळात तांबं सापडत नाही. ते फार लांबून येतं, आणि ज्याची लांबच्या माणसांशी ओळख, त्याच्याच दारी उतरतं. नवा धातू येऊन पिढ्या लोटल्यात, जव मात्र अजून दगडानेच कापला जातोय. शाळेच्या पुस्तकात अश्मयुग संपतं, पान उलटतं आणि ताम्रयुग सुरू होतं. इथे दोन्ही युगं एकाच खळ्यावर बसून न्याहारी करतात.

१९७४ साली याच मातीत खणताना कांशाच्या चार भरीव वस्तू सापडतील. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंच्या वर. त्या नेमक्या कुठल्या काळातल्या यावर पंडित भांडत राहतील. तुम्ही मध्ये पडू नका. पुढे बरंच चालायचंय.

१५४९. निजामशहांचं अहमदनगर. घाम पुसायलाही उसंत नाही इतकी धग. महंमद नावाचा रूमी ओतारी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला, इथे एक तोफ ओततोय. वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंडाला सिंहाचा जबडा, आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. नाव मलिक-ए-मैदान. त्या काळातलं हे सगळ्यांत पुढारलेलं तंत्रज्ञान, आणि ते पगारी नोकर म्हणून परमुलखातून आलेलं आहे. नगरच्या कारागिराला त्यातलं किती शिकायला मिळालं, देव जाणे. तोफ मात्र पुढे विजापूरला गेली, आणि आज तिथल्याच बुरुजावर आहे. आपल्याकडे ओतली गेली, एवढं सांगायला उरलं. इथे जास्त रेंगाळू नका. तोफांच्या गावात बघे फार असतात आणि शिकणारे थोडे.

आता तीनशे वर्षं ओलांडा, आणि या वेळी यंत्राकडे बघायच्या आधी कागदाकडे बघा.

१८७५ चा उन्हाळा, पारनेर-श्रीगोंद्याकडची गावं. सावकाराच्या ओसरीपुढे गर्दी जमलीय. तुम्हाला वाटेल दरोडा पडतोय. पण कुणी तिजोरी फोडत नाही. ते खतं मागतायत, म्हणजे कर्जरोखे. मिळाली की चौकात आणून पेटवतात, आणि बरेच जण तेवढ्यावर घरी जातात. दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी इकडचा कापूस वाटेल त्या भावाने उचलला. सावकाराने सढळ हाताने पैसे दिले. युद्ध संपलं, भाव कोसळला, सरकारने सारा वाढवला. कर्ज तेवढं जागच्या जागी राहिलं. वाफेच्या गिरणीचं चाक साता समुद्रापलीकडे फिरलं आणि श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याची जमीन त्यात गेली. त्याने आयुष्यात गिरणी पाहिलेली नव्हती. अंगठा उठवलेला कागद तेवढा पाहिला होता.

दोनच वर्षांनी, १८७७. पाऊस नाही. तुम्ही दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावावर पाटी उचलताय. दुष्काळी काम आहे हे. उन्हात दगड इतके तापतात की हाताला फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नाहीत. मजुरी मोजायला कारकून बसलाय. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी हिशेब घालून दिलाय, की माणसाला जगायला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे बस्स. म्हणजे जेमतेम अर्धा किलो, तेही दिवसभर माती वाहणाऱ्याला. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी लोक या मजुरीवर काम सोडून चालू लागले. उपाशी माणसांचा संप, तोही सरकारी कामावर! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली.

१८७८ मध्ये रुळांवरून गाडी धावली. भराव घालणाऱ्यांपैकी किती जण ती बघायला राहिले असतील, याचा विचार मनात आला की मी तो लवकर आवरता घेतो. गाडीने दुष्काळात धान्य येतं, हे खरं. भाव बरा असेल तिकडे ते निघूनही जातं, हेही तितकंच खरं.

आता वर चला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. १९१० च्या सुमाराला भंडारदऱ्याला खडखडाट सुरू झालाय. प्रवरा अडवायचीय. दगड फोडा, घडवा, चुना मळा, थरावर थर चढवा. तुम्ही आलात, जाऊन परत आलात, तरी काम चालूच. मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं. १९२६ मध्ये धरण पुरं झालं. उंची ८२ मीटर, नाव गव्हर्नर विल्सनसाहेबांचं, आणि मागच्या तलावाला आर्थर हिल यांचं. डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळ्यांचं नि ठाकरांचं नाव कशालाच नाही. पाणी त्यांच्या पायथ्याशी साठतं, आणि खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरच्या सपाटीवर जातं.

तुम्हीही पाण्याबरोबर खाली या. ज्या रानात बाजरी नि मठ यांच्यापलीकडे काही येत नव्हतं, तिथे पाटाचं पाणी खेळतंय. पाटकऱ्याच्या हातात चारीची किल्ली आहे, म्हणून गावात पाटलाआधी त्याला रामराम घातला जातो. सासवडकडचे माळी बिऱ्हाडं घेऊन आलेत. बागायत कशी करायची, उसाला पाणी किती द्यायचं, गूळ कसा उतरवायचा, हे त्यांच्या हातात आहे. धरणाचं तंत्र साहेबांनी आणलं, पण पिकाचं तंत्र बैलगाडीत बसून सासवडहून आलं, आणि याची नोंद कुठल्याही कोनशिलेवर सापडत नाही.

बेलापूर रोड स्टेशनाजवळ, हरेगावला, एक धुराडं दिसतंय ना? ती बेलापूर कंपनी. १९१९ साली स्थापन झालेली, ब्रॅडी मंडळींची. पांढरी दाणेदार साखर करणारा कारखाना, स्वतःच्या हजारो एकरांच्या उसावर. ‘स्वतःच्या’ हे बोलायला. जमीन आसपासच्या शेतकऱ्यांची आहे, कंपनीने खंडाने घेतलीय. थोडं मागे सरा, पाणी आणि धुराडं यायच्या आधी. तुम्ही अशाच एका शेतकऱ्याच्या पडवीत बसलाय. त्याच्या पुढ्यात करार आहे, एकराला वर्षाला ठरावीक खंड. बाजरीच्या मानाने आकडा बरा दिसतो. पाणी येणार, ऊस उभा राहणार, साखर निघणार, त्यातलं काहीच या कागदावर नाही. सही करू नका म्हणून त्याचा हात धरावासा वाटेल. धरू नका, तो ऐकणार नाही. या साली ती जमीन कुणालाही ओसाडच वाटते.

पुढची गोष्ट मी चार वाक्यांत उरकतो, जगणाऱ्यांना तिला पन्नास वर्षं लागली. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. साखर कंपन्यांची जमीन सरकारने घेतली आणि १९६३ मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे दिली. मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून मोर्चे काढत राहिले, म्हातारे झाले, त्यांची पोरं मोर्चे काढू लागली. जमीन परत मिळायला सुरुवात झाली ती २०१२ मध्ये.

आणि आता लोणी. १९४० चं दशक संपत आलंय. ऊस सगळ्यांकडे आहे, कारखाना मोजक्या शेटजींकडे. बाकीच्यांनी गुऱ्हाळ लावायचं. रात्रभर चुलवाण पेटतं, काहिलीत रस उकळतो, गुळव्या डोळ्यांवर झोप आणि हातात फावडं घेऊन उभा. पहाटे ढेपा बाजारात जातात आणि तिथे आडत्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो. तुमच्या अख्ख्या वर्षाची किंमत त्या रुमालाखाली ठरते, आणि रुमालाखालचं तुम्हाला दिसत नाही.

विठ्ठलराव विखे पाटील नावाचे लोणीचे शेतकरी गावोगाव हिंडतायत. शाळा बेताची झालेली, पण १९२० च्या दशकात गावात सहकारी पतपेढी काढून सावकारीला टक्कर दिलेली. त्यांच्याबरोबर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आहेत, तिकडे मुंबईत सहकार चळवळीतल्या वैकुंठभाई मेहतांचा पाठिंबा. धोतर-पागोट्यातला शेतकरी आणि चष्म्यातला अर्थतज्ज्ञ एका सतरंजीवर बसून शेअरची रक्कम ठरवतायत. सतरंजीवरचे लोक कुजबुजतात, ‘कारखाना काय गाडगं आहे का, कुंभाराकडून आणायला?’ तुम्ही मात्र घरातला एक डाग मोडून शेअर घेतलाय. बायको तीन दिवस बोललेली नाही.

३१ डिसेंबर १९५०. भोंगा वाजतो. गव्हाणीत पहिली मोळी पडते, साखळी तिला ओढून नेते, दातेरी रूळ करकचतात, आणि आत कुठेतरी रसाचा पाट सुरू होतो. तुमच्या कानांत दडे बसलेत. शेजारचा म्हातारा पुढे होऊन गरम यंत्राला हात लावतो, जोखून बघतो, आणि हात चटकन मागे घेतो. पण त्याला कुणी हटकत नाही. हरेगावला हटकलं असतं. इथे तो सभासद आहे.

यात नवीन काय, असं विचारलंत तर यंत्रात काहीच नाही. तेच रूळ, तोच बॉयलर, त्याच कढया. कालवाही तोच, प्रवरेचाच. बदललाय तो फक्त कागद. खंडाच्या करारनाम्याच्या जागी शेअरचा दाखला आला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून लोणीचं नाव जगभर झालं. १९६१ मध्ये पंडित नेहरू येऊन बघून गेले. त्यांना हा जिल्हा नवा नव्हता, १९४२ ते १९४५ ही वर्षं त्यांनी नगरच्या किल्ल्यात कैदेत काढलेली होती. लोणीच्या पावलावर पाऊल टाकत जिल्ह्यात आणि राज्यात कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागून शाळा, दवाखाने, इंजिनिअरिंग कॉलेजं. चेअरमनची खुर्चीही आली, आणि तिथून आमदारकीचा रस्ता. पुढे काही ठिकाणी त्या खुर्चीला वारसाहक्क चिकटला, सभासद नावापुरता उरला. तरीही, रुमालाखालून काढून भाव उजेडात आणण्याचं काम इथे झालं, आणि ते लहान नाही असं माझं मत आहे.

पण तो दाखला एकदा नीट वाचा. सभासद कोण? ऊस पिकवणारा. ऊस तोडणाऱ्याला त्यात कुठे जागा आहे का, शोधा. तुमचा शोध होईतो आपण पाथर्डीला पोचू.

वाटेत १९७२ लागेल, थांबावंच लागेल. नगरमध्ये एच. के. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाहेर काढलीय. इटलीच्या पियाज्जिओच्या मोपेडवरून बेतलेली, ५० सीसी, गिअर नाही, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जा. शिक्षिका, पोस्टमन, दूधवाला, ज्यांनी मोटारसायकलचं स्वप्नही पाहिलं नव्हतं ते चाकांवर आले. नगरच्या कितीतरी बायकांनी ‘मी जाऊन येते’ हे वाक्य लूनामुळे पहिल्यांदा उच्चारलं असेल. आणि शहराची वेस ओलांडलीत की त्याच साली, त्याच उन्हात, हजारो माणसं खडी फोडतायत. दुष्काळी काम. वाटपाला सुकडी. गावात बोअर मारणारी यंत्रं पहिल्यांदा आलीत, धुरळा उडवत कातळात शिरतायत, आणि पोरं तोंड उघडं टाकून बघतायत. १८७७ आणि १९७२ या दोन उन्हाळ्यांत पाटी तीच आहे.

पाथर्डी. दसरा झालाय. साल १९८५ धरा नाहीतर २००५, देखावा बदलत नाही. ट्रकमध्ये चूल, पत्र्याची पेटी, शेळी, पोरं, गुंडाळलेलं अंथरूण, आणि अंथरुणात कोयते. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेऊन झाली, ती लग्नात नि दवाखान्यात संपलीही. आता ती अंगावर घेऊन फेडायला निघायचं. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता.

पहाटे चारला तुम्ही फडात आहात. पाचटाची पाती चेहरा कापतात, म्हणून बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. नवरा बुडख्याशी वाकून घाव घालतो, शेंडा उडवतो, कांडं मागे टाकतो. ती गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून गाडीत चढते. फळी वाकते. पोटुशी असली तरी चढते. लाकडी चाकांच्या जागी कारखान्याने टायरची गाडी दिली, तेव्हा बैलांचं ओझं हलकं होईल असं वाटलं होतं. झालं असं, की गाडीत दुप्पट ऊस भरू लागले. संध्याकाळी कोपीपुढे चूल पेटते. तिकडे वाढं विकून आलेल्या पैशांतून तेल-मीठ येतं.

उसाने आणखी एकाचं आयुष्य बदललं. अकोल्याच्या खोऱ्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पाहणीत दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, जंगलात नव्हे, शेतात. मादी उसातच पिल्लं घालते. कोयता जवळ आला की पिल्लं उचलून शेजारच्या फडात नेते. ती आणि तोडकरी बाई, दोघींचं बाळंतपण हंगामाच्या तारखांवर अवलंबून.

अकोल्यात आहातच तर निळवंड्याचा कालवाही बघून घ्या. डोंगरातलं पाणी सपाटीला गेलं, पण मधल्या जिरायत गावांना मिळालं नाही, म्हणून १९७० मध्ये हा प्रकल्प मंजूर झाला. डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्रेपन्न वर्षांत जगाने टेलिप्रिंटरपासून मोबाइलपर्यंत मजल मारली, आणि पाण्याला एक तालुका ओलांडता आला नाही. मातीचा कालवा खणायला कुठलं नवं तंत्रज्ञान अडलं होतं?

उलट उदाहरणही याच जिल्ह्यात आहे, नगरपासून हाकेच्या अंतरावर. हिवरे बाजार. पाऊस बेताचा, गाव एकेकाळी ओस पडलेलं. १९९० च्या सुमाराला पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, हे सगळीकडेच होतं. इथे ग्रामसभेने त्यापुढे जाऊन ठराव केला, की शेतीसाठी बोअर मारायची नाही आणि ऊस लावायचा नाही. यंत्र दारात उभं, पैसे खिशात, आणि गाव म्हणतं नको. दरवर्षी पाऊस मोजून, विहिरी मोजून पाण्याचा जमाखर्च मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते चावडीवर ठरतं. तुम्ही सभेत मागे बसून ऐका. कंटाळा येईल. पाण्याचे आकडे ऐकणं हे काम आहे, करमणूक नव्हे.

शेवटचा मुक्काम, आजचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. लूना विजेवर परत आलीय, फेब्रुवारी २०२४ पासून, त्याच घराण्याच्या कंपनीची. बारामतीकडे उसाला किती पाणी लागेल हे कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते, असं इकडच्या पारावर बोललं जातं. आणि राहाता तालुक्यातल्या या फडात हार्वेस्टर चालू आहे. किंमत कोटीच्या घरात. वीस-पंचवीस कोयते दिवसभर जे करतील ते हा काही तासांत करतो. कांड्यांचे तुकडे करून शेजारच्या ट्रॉलीत ओततो, पाचट मागे उडवतो. त्याच्यासाठी शेतकऱ्यांनी सरी रुंद केलीय, साडेचार-पाच फुटांवर. लहान तुकड्यात तो वळत नाही, म्हणून दोन भाऊ बांध मोडून एकत्र ऊस लावतायत. वाटणीवरून कोर्टात गेलेले भाऊ, बरं का.

यंत्र थांबतं. केबिनमधून उतरतो तो पोरगा पंचविशीचा, पाथर्डीकडचा. तुम्हाला बाटली पुढे करतो.

‘घ्या काका, गार हाये. आत एसी हाये ना.’

तुम्ही विचारता, घरी कोण कोण तोडीला येतं.

‘आई-बाप यायचे. यंदा बापच घरी. मुकादम म्हणला, कोयते कमी केलेत. आई म्हणती, बरं झालं, गुडघे राह्यले नाहीत. बाप म्हणतो, मग खायचं काय?’

मशीन कुणाचं आहे?

‘मालकाचं. नगरला ऱ्हातो. दोन हायेत त्याचे. आम्ही चौघा दोस्तांनी पण ठरवलं होतं घ्यायचं. सरकारची सबसिडी हाये, चाळीस टक्के न्हाय तर पस्तीस लाख, जे कमी आसंल ते. चालवायला येतंय, दुरुस्ती येतीय. बँकेत गेलो. साहेब लई गोड बोलला. मग म्हणला, सातबारा आणा.’

मग?

‘चौघांची मिळून पावणेदोन एकर. माझी तर आजून आज्याच्याच नावावर हाये, वारसच लागले नाहीत. तलाठ्याकडं तीन चकरा झाल्या. सोमवारी बसतो म्हणे तो.’ तो बाटलीचं झाकण लावतो आणि तुमच्याकडे जरा निरखून बघतो. ‘तुम्हाला वाचायला-लिहायला बरं येत आसंल. येता का सोमवारी?’